दहा, अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास

स्विच म्हणजे ऑफिसातले संगणक, फोन, कॅमेरे तारांनी एकमेकांना जोडणारी पेटी, आणि आयपी पत्ता म्हणजे नेटवर्कवरच्या यंत्राचा नंबर. स्विचला आयपी पत्ता लागत नाही, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे देतात, पण त्याच्या पोटापाण्याशी त्याचा काही संबंध नसतो. एका पोर्टातून आलेली माहिती बरोबर त्या दुसऱ्या पोर्टातून बाहेर सोडणं हे त्याचं काम, आणि ते तो मॅक पत्ते, म्हणजे यंत्रांवर कारखान्यातच कोरलेले नंबर, बघून मुकाट्याने करत असतो. आयपी असतो तो आमच्यासारख्यांच्या सोयीसाठी. रात्री-अपरात्री घरबसल्या त्याच्यात शिरून ‘बाबा रे, कुठे दुखतंय?’ असं विचारता यावं म्हणून. ज्याला गरज नाही त्याला पत्ता द्यायचा आणि तो कोणता द्यायचा यावरून धडधाकट माणसांनी आठवडेच्या आठवडे भांडायचं, याला आमच्या धंद्यात आयपी प्लॅनिंग म्हणतात.

आमच्या कंपनीने पुण्यात खराडीच्या बाजूला एका नव्या इमारतीत पाच मजले घेतले आणि हे काम माझ्या गळ्यात पडलं. खुर्च्यांच्या रंगासाठी समिती होती. कुंड्यांतली झाडं खरी असावीत की प्लॅस्टिकची, यासाठी उपसमिती होती. आयपीसाठी मी होतो आणि माझ्या हाताखाली एक ज्युनियर मुलगा होता, ज्याला सगळं येत होतं आणि ही गोष्ट तो कोणापासून लपवत नव्हता.

तांब्याच्या नेटवर्क केबलची मर्यादा शंभर मीटर. इमारत लांबलचक. त्यामुळे प्रत्येक मजल्याच्या दोन टोकांना दोन खोल्या, खोलीत रॅक, रॅकमध्ये चार-चार स्विच. खोल्या म्हणजे आर्किटेक्टच्या नकाशात ‘आयटी रूम’ आणि प्रत्यक्षात पोछे, फिनेलचे कॅन आणि साफसफाईच्या मावशींचे डबे ठेवायची जागा. त्यात दोन तळघरांतले कॅमेरे, गेट, जनरेटरची खोली. सगळे मिळून चाळीसच्या वर स्विच. त्यांच्या मागे संगणक, फोन, वायफायचे पांढरे डबे, प्रिंटर, हजेरीची यंत्रं असा गोतावळा.

नंबरांची टंचाई मात्र नव्हती. सप्टेंबर १९८१मध्ये आयपीची नियमावली छापली गेली तेव्हा पत्ता बत्तीस बिटांचा, म्हणजे शून्य किंवा एक लिहायच्या बत्तीस जागांचा ठरला, म्हणजे जगाला मिळून ४२९ कोटी पत्ते. त्या वेळी पृथ्वीवर माणसंच त्याहून जरा जास्त होती, पण प्रत्येक माणसाला एक पत्ता लागेल असं कोणाच्या स्वप्नातही नव्हतं; एकेका माणसाला फोन, घड्याळ, टीव्ही आणि दाराची घंटा धरून चार-पाच लागतील हे तर सोडाच. फेब्रुवारी २०११मध्ये जागतिक कोठारातले शेवटचे गठ्ठे वाटून झाले. तोवर आम्हा ऑफिसवाल्यांची सोय आधीच लागलेली होती. १९९६च्या आरएफसी १९१८ या कागदाने तीन पट्टे घरगुती वापराला मोकळे सोडले. त्यातला सर्वांत ऐसपैस दहाने सुरू होणारा, १,६७,७७,२१६ पत्त्यांचा. हे ‘दहा’ मूळचं आर्पानेटचं, म्हणजे इंटरनेटच्या आजोबांचं. ते १९९०मध्ये निवर्तले आणि त्यांचा नंबर सगळ्या जगातल्या ऑफिसांनी वाटून घेतला. खासगी पत्ता असल्याने मुंबईत, मेक्सिकोत आणि मिरजेत एकाच वेळी तोच पत्ता नांदू शकतो. कोणाचं कोणाशी भांडण नाही.

एक कोटी सदुसष्ट लाख पत्ते आणि चाळीस स्विच. शहाण्या माणसाने डोळे मिटून कोणतेही चाळीस उचलले असते. पण आमच्या जमातीला एक व्याधी असते: आकड्याला अर्थ हवा. पत्ता नुसता पाहिला की स्विच कोणत्या मजल्यावर, कोणत्या टोकाला, कशासाठी आहे हे कळलं पाहिजे. आयपीचे चार भाग असतात, प्रत्येकात शून्य ते दोनशे पंचावन्न. म्हणून आमची पहिली योजना अशी: पहिला आकडा दहा, दुसरा मजला, तिसरा काम, चौथा खुद्द यंत्र. तिसऱ्या मजल्यावरचा फोन म्हणजे दहा-तीन-फोन-अमुक. ज्युनियरने फळ्यावर लिहिलं आणि आम्ही दोघं काही वेळ त्याच्याकडे नुसते बघत राहिलो. इतकं देखणं दिसत होतं ते.

तेवढ्यात फॅसिलिटीचे, म्हणजे इमारतीची देखभाल बघणारे साहेब आत आले आणि म्हणाले, “तिसरा म्हणजे कोणता?”

तुम्हाला वाटेल, हा काय प्रश्न झाला? आमच्या इमारतीत हा जन्ममरणाचा प्रश्न आहे. जमिनीच्या पातळीवर ग्राउंड. त्याच्यावर दोन मजले गाड्यांचे, त्यांना पोडियम म्हणतात, पी-वन आणि पी-टू. त्याच्यावर ऑफिसं. लिफ्टमध्ये ऑफिसचे मजले एकपासून सुरू होतात, भाडेकरारातही तसंच. आर्किटेक्टच्या नकाशात मात्र ग्राउंड म्हणजे शून्य आणि पुढे पोडियमसकट सरळ मोजणी, त्यामुळे लिफ्टमधला तिसरा नकाशात पाचवा. आगीच्या पॅनलवाल्याने ग्राउंडलाच एक धरलं, त्याच्याकडे तोच मजला सहावा. म्हणजे तिसऱ्या मजल्यावर धूर झाला तर पॅनलवर सहावा पेटणार, आर्किटेक्ट पाचव्यावर धावणार आणि लिफ्टने तिसऱ्यावर उतरलेला माणूस खोकत उभा असणार. आणि ही सुशिक्षित इमारत बरं का. काही टॉवरांत तेरावा मजलाच नसतो. बारा नंतर चौदा. तिथे नेटवर्क लावणाऱ्या बांधवांना माझा दंडवत.

यावर मीटिंग झाली. आर्किटेक्टच्या माणसाचं म्हणणं, नकाशा हाच पुरावा. फॅसिलिटीचं म्हणणं, लिफ्टचं बटण हाच पुरावा, कारण नकाशा घेऊन कोणी वर जात नाही. आगवाला म्हणाला, “मी बदलणार नाही, माझं इन्स्पेक्शन झालंय.” शेवटी लिफ्ट जिंकली. माझं मत विचाराल तर लिफ्टच जिंकायला हवी होती. रात्री दोन वाजता ज्याला वर पाठवायचं त्याला बटण दाबता आलं पाहिजे, बाकी सगळं तत्त्वज्ञान.

मग तळघरं. बी-वन आणि बी-टू. आयपीला शून्याखालचं काही कळत नाही. उणे एक मजला लिहायचा कसा? इथे ज्युनियर उठला आणि म्हणाला, “सर, दोनशे पंचावन्न.” आठ बिटांत शून्यातून एक वजा केला की आकडा उलटा फिरून दोनशे पंचावन्नवर येतो, संगणक आपल्या पोटात उणे एक अशाच प्रकारे लिहितो. म्हणजे बी-वन दोनशे पंचावन्न, बी-टू दोनशे चोपन्न. जितके खाली जाल तितका आकडा दोनशे पंचावन्नपासून खाली. मी या मुलाला पगारवाढ द्यायला निघालो होतो, पण तो अधिकार मला नाही. फॅसिलिटीचे साहेब म्हणाले, “म्हणजे आपल्याला दोनशे पंचावन्न मजले आहेत असं मुख्यालयाला वाटणार.” त्यांना समजावण्यात दुपार गेली.

मुख्यालयाला तसं काही वाटलं नाही, कारण त्यांनी योजना वाचलीच नाही. त्यांची दोन ओळींची मेल आली. तुमच्या इमारतीला दहा-अठ्ठेचाळीस दिलं आहे, त्यातच बसवा. म्हणजे पहिले दोन आकडे गोठले. हातात उरले दोन, पैकी शेवटचा यंत्राचा. मजला आणि काम, दोघांनी मिळून एकट्या तिसऱ्या आकड्यात संसार करायचा. पत्ते ६५,५३६, तेही आमच्या इमारतीला रग्गड, पण ऐसपैस पाय पसरायची सवय लागलेली.

माणसाच्या हाताला दहा बोटं असल्यामुळे सरळ मार्ग सुचतो तो असा: तिसऱ्या मजल्याला तीस ते एकोणचाळीस, चौथ्याला चाळीस ते एकोणपन्नास. वाचायला सोपं, मुखोद्गत व्हायला सोपं. पण राउटरला, म्हणजे एका नेटवर्कातून दुसऱ्यात जायची वाट दाखवणाऱ्या यंत्राला, बोटं नसतात. तो दोनाच्या पटीत मोजतो. तीस ते एकोणचाळीस ही पट्टी त्याला एका ओळीत सांगताच येत नाही: तीस-एकतीस वेगळे, बत्तीस ते एकोणचाळीस वेगळे. पाचव्या मजल्याच्या पन्नास ते एकोणसाठला तर तीन ओळी लागतात. त्याला आवडणारी विभागणी सोळा-सोळाची. सोळा मजले, प्रत्येक मजल्यावर सोळा कामं, सोळा सोळे दोनशे छप्पन्न, हिशेब चोख. मजल्यामागे एक ओळ. तिसरा मजला अठ्ठेचाळीस ते त्रेसष्ट, चौथा चौसष्ट ते एकोणऐंशी. आता खरं सांगायचं तर आजच्या राउटरला चार ओळी जास्त झाल्याने काही धाप लागत नाही. पण मुख्यालयातल्या नेटवर्क आर्किटेक्ट साहेबांना ते आवडत नाही, आणि राउटरपेक्षा साहेबांची धाप आम्ही आधी बघतो.

सोळाची योजना पास झाली. ज्युनियरची तळघरं त्यातही टिकली, कारण चार बिटांत उणे एक म्हणजे पंधरा. पण वाचणाऱ्या माणसाची दैना झाली. तिसऱ्या आकड्यात एकशे चार दिसलं तर मजला कोणता? ज्युनियर फोन काढून कॅल्क्युलेटर उघडायचा. मी कागदावर भागाकार करायचो. एकदा असंच माझं टेबलावर पुटपुटणं चालू असताना मागून आवाज आला, “सहावा.”

अकाउंट्समधले काका होते. निवृत्तीला आलेले, शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि एक लाल रिफिल. म्हणाले, “सोळा सक शहाण्णव, वर आठ. सहावा मजला.” मग थांबेनातच. सोळा चोक चौसष्ट, सोळा पंचे ऐंशी, सोळा साते बारोदरसे. शाळेत तीसपर्यंतचे पाढे आणि वर पावकी, निमकी, पाऊणकी छडीच्या धाकाने पाठ केलेली माणसं. सोळाचा पाढा या माणसाच्या हाडात होता. पन्नास वर्षं त्याचा उपयोग किराणाचं बिल तपासण्यापलीकडे झाला नव्हता. आता अख्ख्या कंपनीत आयपी ऐकून मजला सांगणारा हा एकच माणूस निघाला. ज्युनियरने त्यांची परीक्षा घ्यायला दोनशे बेचाळीस विचारलं. काका क्षणभर थांबले. “सोळा पंधरे दोनशे चाळीस. पंधरावा मजला. पण आपल्याला पंधरावा नाही.” ज्युनियर खुलून म्हणाला, “काका, ते तळघर!” काकांनी त्याच्याकडे असं बघितलं की त्याचा अप्रेझल त्यांच्याकडे नाही याचं मला बरं वाटलं.

काका आमच्या बाजूला आले हे पुढच्या प्रसंगाच्या दृष्टीने फार चांगलं झालं. कारण पुढचा प्रसंग अकाउंट्सचाच होता.

आयपीबरोबर आणखी एक नंबर चालतो, व्हीलॅनचा. एकाच स्विचवर बसलेल्या फोनला, कॅमेऱ्याला आणि संगणकाला एकमेकांत मिसळू न देणाऱ्या या अदृश्य भिंती. त्यांचे नंबर एक ते चार हजार चौऱ्याण्णव असू शकतात, म्हणजे इथे पाय पसरायला जागा होती. आम्ही ठरवलं, शतकस्थानी मजला, पुढे कामाचा सम आकडा; आयपीत त्याचा निम्मा. विषम आकडे भविष्यासाठी राखीव. स्विच स्वतः दोन, संगणक दहा, फोन बारा, वायफाय चौदा, प्रिंटर सोळा, कॅमेरे अठरा आणि अकाउंट्स वेगळं हवं म्हणून वीस. अकाउंट्स चौथ्या मजल्यावर.

यादी फिरली आणि अकाउंट्सच्या मॅनेजर मॅडम स्वतः खाली आल्या. कागद माझ्यासमोर ठेवला. त्यावर त्यांच्या खात्यासमोर छापलं होतं: ४२०.

“हे मुद्दाम केलंय का?”

मी चौथा मजला, विसावं काम, सम-विषम असं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, ऑडिटर येतात, प्रत्येक टेबलाखालच्या सॉकेटवर हे लेबल लागणार, त्यांनी काय समजायचं? मुद्दा बिनतोड होता. तेवढ्यात लीगलचे एक सर कॉफी घेऊन चालले होते, ते थांबले. “तांत्रिकदृष्ट्या बोलायचं तर चारशे वीस आता उरलेलंच नाही. १ जुलै २०२४पासून दंडसंहिता गेली, न्याय संहिता आली. फसवणूक आता कलम ३१८.” मॅडमचा चेहरा जरा निवळला. इतक्यात ज्युनियरने यादीवर बोट ठेवलं: “सर, ३१८ म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचे कॅमेरे.” तिसऱ्या मजल्यावर एचआर आहे. ही बातमी लिफ्टच्या आधी तिसऱ्यावर पोचली.

मग सगळ्यांनीच आपापले आकडे तपासायला घेतले. सेल्सच्या एकाला बेरीज आठ यायला नको होती, शनीची साडेसाती चालू होती. प्रशासनाच्या मोठ्या साहेबांनी निरोप पाठवला की माझ्या लॅपटॉपचा शेवटचा आकडा नऊ ठेवता येईल का, गाडीचाही नऊच आहे, आरटीओला चॉइस नंबरचे पैसे भरून घेतलाय. इथे निदान पैसे भरावे लागत नाहीत. मी हो म्हणालो. लॅपटॉपला पत्ता दर वेळी डीएचसीपी नावाचा कारकून देतो आणि तो साहेबांसाठी नऊ राखून ठेवू शकतो. तेवढ्याने वरची सही लवकर मिळणार असेल तर माझं काय गेलं? तिसऱ्या मजल्यावरच्या स्विचना या सगळ्या गोंधळात ३०२ लागला. त्यांनी काही तक्रार केली नाही.

अकाउंट्सचा तिढा काकांनी सोडवला. ते मॅडमना म्हणाले, “आपण बावीस घ्या. चारशे बावीस. आणि आयपीत आकडा कुठला येईल हो?” मी म्हटलं, पंच्याहत्तर. “सोळा चोक चौसष्ट आणि अकरा. अमृतमहोत्सव. छान आहे.” मॅडम गेल्या. मी पुढच्या ओळीत वीस नंबर ‘राखीव’ लिहून टाकला. तो कोणत्याही मजल्यावर कोणीही मागणार नाही याची मला खात्री आहे.

बाकीचे वाद किरकोळ. गेटवे, म्हणजे नेटवर्कमधून बाहेर पडायचं दार, पहिल्या नंबरावर ठेवायचा की शेवटच्या, म्हणजे एकवर की दोनशे चोपन्नवर, यावर आमच्या धंद्यात दोन पंथ आहेत आणि त्यांच्यात रोटीव्यवहार होतो, बेटीव्यवहार होत नाही. आम्ही एकवाले. स्विचना डीएचसीपीकडून पत्ता द्यावा की हाताने कायमचा लिहावा, यावरही बोलणं झालं, पण पुण्यात देखभालीसाठी गुरुवारी वीज जाते तेव्हा तो वाद आपोआप मिटतो. वीज परत आली की सगळे स्विच एकदम जागे होतात आणि पत्ता वाटणारा सर्व्हर त्यांच्यामागून डोळे चोळत उठतो. हाताने लिहिलेला बरा.

मग आले कॅमेरेवाले. त्यांना योजनेची प्रत आधीच पाठवली होती. त्यांचा मुलगा शिडी लावून कॅमेरे बसवत होता आणि खाली आमच्या देखरेखीत लॅपटॉप उघडला तर सगळे कॅमेरे १९२.१६८.१ मध्ये. मी म्हटलं, अरे, तुला दहा-अठ्ठेचाळीस दिलंय. “सर, आमचे सगळीकडे असेच असतात. बंगल्यात पण, बँकेत पण.” हजेरीच्या यंत्रवाल्याचं तर १९२.१६८.१.२०१ हे जन्मखुणेसारखं पक्कं. बदला म्हटलं तर म्हणे, “चाललंय ना? मग हात लावू नका, नंतर चालणार नाही.” आता हे १९२.१६८.१ प्रकरण निव्वळ सौंदर्यदृष्टीचं असतं तर मी सोडून दिलं असतं. पण घरोघरच्या वायफाय राउटरांतही हेच पत्ते असतात. मोठ्या साहेबांनी एका रविवारी घरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडून घेतलं आणि गेटवरचा कॅमेरा बघायला त्याचा पत्ता टाकला. लॅपटॉपने आधी आपल्याच घरात शोध घेतला, तसंच असतं ते, आणि साहेबांसमोर त्यांच्या हॉलमधल्या प्रिंटरचं पान उघडलं. शाई संपत आली आहे. त्यांनी मला फोन करून सांगितलं की कंपनीच्या गेटवर शाई संपत आली आहे असं दिसतंय, हा काही सायबर हल्ला आहे का? सोमवारी सकाळी कॅमेरेवाल्यांचे सगळे कॅमेरे दहा-अठ्ठेचाळीसमध्ये आले. इतकी ताकद माझ्या मेलमध्ये कधीच नव्हती.

हे सगळं नोंदवायची एक एक्सेल शीट आहे. जुन्या ऑफिसातून वारशाने आलेली, आणि तिच्या स्वभावात आणि सातबाऱ्यात मला तिळमात्र फरक दिसत नाही. मेलेल्या यंत्रांची नावं वर्षानुवर्षं तशीच. एका ओळीला तीन वारस. ‘इतर हक्क’ म्हणावा अशा एका रकान्यात कोणीतरी लिहून ठेवलंय, ‘रिकामा आहे, वापरू नये’. का वापरू नये हे लिहिणारा नोकरी सोडून गेला. आम्ही तो पत्ता पिंग करून, म्हणजे ‘आहेस का?’ अशी हाक मारून पाहिला, उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी पाहिला, उत्तर आलं. तिसऱ्या दिवशी नाही. ज्युनियरला वाटलं एखादा झोपलेला फोन असेल. जाऊन शोधायची हिंमत दोघांनाही झाली नाही. आम्ही नव्या शीटमध्येही ‘रिकामा आहे, वापरू नये’ असंच उतरवून घेतलं. फेरफार मंजूर.

सहाव्या आवृत्तीचा आयपी का नाही वापरत, असं एका पाहुण्याने मीटिंगमध्ये विचारलं. एकशे अठ्ठावीस बिट आहेत त्यात. मजला, टोक, खोली, टेबल, खुर्ची, खुर्चीवरची गादी, सगळ्याला नंबर देऊनही उरतील. पण तो पत्ता फोनवर सांगून बघा.

फोनवर सांगण्याची वेळ नाहीच यायची असं वाटत होतं, पण आली. राहायला येऊन थोडे दिवस झाले होते. रात्री तिसऱ्या मजल्यावरचा एक स्विच उत्तर देईना. ज्युनियर गावी, मी घरी, इमारतीत रात्रपाळीचे सिक्युरिटीवाले मामा. बीडकडचे. मी त्यांना लिफ्टने तिसऱ्यावर पाठवलं (बटण, नकाशा नव्हे) आणि म्हटलं, मामा, आयटी रूम उघडा, प्रत्येक पेटीवर कागद चिकटवलाय, मी नंबर सांगतो तो शोधा आणि ती पेटी बंद करून चालू करा.

“सांगा सायेब.”

“दहा.”

“दहा.”

“अठ्ठेचाळीस.”

“अठ्ठेचाळीस.”

“एकोणपन्नास.”

“पन्नास,” मामा म्हणाले, “एक्कावन्न. कुठपर्यंत म्हणू?”

मी पुन्हा सुरुवात केली. या वेळी सुटे आकडे सांगितले, चार आठ, चार नऊ. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ आलं तेव्हा महाराष्ट्रात केवढा गहजब झाला होता. आम्ही नेटवर्कवाले तेव्हा गप्प होतो, कारण एकोणसाठ, एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांच्यात रात्री दोन वाजता फोनवर जी हाणामारी होते ती आम्हालाच ठाऊक. पण मामांना सुटे आकडेही सापडेनात. लेबल छोटं, अक्षर बारीक, चष्मा खाली टेबलावर. शेवटी ते वैतागून म्हणाले, “सायेब, ते चिटोरं राहू द्या. मोठा नंबर सांगा.”

“कुठला मोठा नंबर?”

“हे काय, पेटीवर मार्करनं लिवलाय. सतरा, अठरा, एकोणीस. लाल दिवा एकोणीसला लागलाय.”

मी म्हटलं, एकोणीस बंद करून चालू करा. मामांनी केला. स्विच जागा झाला.

दुसऱ्या दिवशी मी जिना चढत सगळ्या खोल्या पाहिल्या. प्रत्येक स्विचच्या बाजूला रॅकवर जाड काळ्या मार्करने मोठ्या, ठसठशीत अक्षरात आकडा. एकपासून त्रेचाळीसपर्यंत. वरपासून खालीही नाही, खालून वरही नाही. सातव्या मजल्यावर चार ते अकरा, तळघरात एक ते तीन, मग मध्येच पाचवा मजला. चौकशीअंती कळलं की वायरिंगवाल्या इलेक्ट्रिशियन दादांनी वीज जोडताना घातलेत. आणि एव्हाना सगळी इमारत त्यांवरच चालत होती. साफसफाईच्या मावशी म्हणायच्या, बत्तीस नंबरच्या खोलीत पाणी गळतंय. फॅसिलिटीच्या साहेबांच्या डायरीत बत्तीस. एसीवाल्याच्या चिठ्ठीवर बत्तीस. अकाउंट्समधल्या काकांना विचारलं तर तेही म्हणाले, “हो, आमचा चोविसावा.” मी म्हटलं, काका, तुम्ही सुद्धा? तर म्हणाले, “पाढा पाठ आहे म्हणून रोज म्हणायचा असतो का?”

मी शीटमध्ये एक रकाना वाढवला: ‘इलेक्ट्रिशियनचा नंबर’. शीट नियमाप्रमाणे मुख्यालयाला गेली. आमच्या सोळाच्या योजनेवर, उणे एक मजल्यावर, चारशे बावीसवर त्यांना काही विचारायचं नव्हतं. एकच प्रश्न आला: या नव्या रकान्यातले नंबर कोणत्या पद्धतीने दिले आहेत, ते कळवावं, त्याशिवाय मंजुरी देता येणार नाही.

मी दादांना गाठलं. ते पी-टूवर ट्यूब बदलत होते. म्हटलं, दादा, ते पेट्यांवरचे नंबर तुम्ही कसे टाकलेत? आधी तळघर, मग एकदम सातवा, असं का?

ते शिडीवरूनच म्हणाले, “शिडी एकच होती ना. ती जशी मिळेल तसे टाकले.”

मी मुख्यालयाला इंग्रजीत कळवलं: नंबरिंग इज एज पर लॅडर अव्हेलेबिलिटी. संध्याकाळच्या आत मंजुरी आली, आणि सोबत विचारणा की हीच पद्धत नागपूरच्या ऑफिसलाही लावता येईल का.